डबल बासची जोडी: गिटार आणि पियानोसोबतची लाइव्ह जॅझ मैफल रेकॉर्ड करताना

मंचावर दोनच वाद्यं, डबल बास (व्हायोलिनच्या घडणीचं, उभं राहून वाजवायचं खर्जाचं मोठं वाद्य) आणि गिटार किंवा डबल बास आणि पियानो, असली की रेकॉर्डिंग सोपं वाटतं. ड्रम्स नाहीत, गायक नाही, मोजक्या माइकमध्ये काम भागतं. तरीही अशा मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये एकच दोष पुन्हा पुन्हा ऐकू येतो. गिटार सुरेख, पियानो भरदार, आणि बास एक तर मागे कुठेतरी घुमतोय, नाही तर ताणलेल्या रबरासारखा कोरडा वाजतोय. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. गिटार-पियानोचे माइक आधी लागतात, त्यांचा आवाज मनासारखा होईपर्यंत दोन तास जातात, आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत बासच्या पिकअपची (वाद्यावरच बसवलेल्या, त्याची कंपनं थेट पकडणाऱ्या छोट्या उपकरणाची) वायर मिक्सरला जोडली जाते.

ड्रम्स नसताना लय आणि खर्ज दोन्ही बासच्या खांद्यावर असतात. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे: बासची जागा आधी, बासचा माइक त्यानंतर, आणि मग जोडीदार. आपल्याकडे सतार-तबल्याच्या मैफली रेकॉर्ड करणाऱ्यांना प्रत्येक वाद्याला अगदी जवळून माइक लावून नंतर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) देण्याची सवय असते. बासला ती चालत नाही. बासची सर्वांत खालची ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, आणि त्या सुराची एक लाट आठ मीटरहून लांब असते. तो सूर उमलायला खोली लागते.

उदाहरण म्हणून साठ-ऐंशी श्रोत्यांचा लहान हॉल आणि संध्याकाळी सातची मैफल धरली आहे. पूर्वार्ध बास-गिटारचा, उत्तरार्ध बास-पियानोचा.

१. आठवडाभर आधी

हॉल बघायला जा, आणि शक्य असेल तर बासवादकाला वाद्यासकट घेऊन जा. टाळी वाजवून खोली जोखण्याची पद्धत बाससाठी फसवी आहे, कारण टाळीत खर्ज नसतो. बासवादकाला खालच्या ई पासून एकेक सूर चढत सावकाश वाजवायला सांगा आणि तुम्ही श्रोत्यांच्या जागी बसून ऐका. एखादा सूर अचानक फुगतो, एखादा नाहीसा होतो. ते सूर कागदावर लिहून घ्या.

हे का होतं ते समजून घेतलं तर उपाय आपोआप सुचतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ४ मीटर अंतर असेल तर तिथली पहिली गुंज सुमारे ४३ हर्ट्झवर येते, म्हणजे नेमकी बासच्या खालच्या ई आणि एफ सुरांवर. ५ मीटर असेल तर ती ३४ हर्ट्झवर, म्हणजे चार तारांच्या बासच्या खाली जाते. पण तिची दुप्पट, ६९ हर्ट्झ, सी शार्प-डी च्या आसपास त्रास देते. टेप घेऊन खोली मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

पियानो कुणाचा, शेवटचा कधी लावला, झाकण पूर्ण उघडतं का, पेडल करकरतं का, हे त्याच भेटीत बघा. मैफलीच्या दिवशी दुपारी ट्यूनर (पियानो सुरात लावणारा) येईल याची खात्री करून घ्या. आदल्या दिवशी लावलेला पियानो मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत जागेवर राहीलच असं नाही.

रेकॉर्डिंगचं पुढे काय करायचं आहे, याबद्दल दोन्ही वादकांची लेखी संमती आत्ताच घ्या. जॅझ स्टँडर्ड (जॅझवादक पुन्हा पुन्हा वाजवतात त्या प्रसिद्ध रचना) वाजवणार असाल तर त्या रचनांचे हक्क अजून कुणाकडे तरी असू शकतात. भारतात संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क शाबूत असतात, इतर देशांत नियम वेगळे आहेत. रचनांची यादी आधी मिळाली तर परवानगीचं काम वेळेत होतं.

आणि घरी एक संध्याकाळ ऐकण्यासाठी ठेवा. जिम हॉल आणि रॉन कार्टर यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये केलेलं गिटार-बासचं लाइव्ह रेकॉर्डिंग, आणि केनी बॅरन व चार्ली हेडन यांनी १९९६ मध्ये त्याच शहरात केलेलं पियानो-बासचं. दोन्ही ऐकताना एवढंच टिपा: बास जोडीदाराच्या तुलनेत किती मोठा आहे, आणि तो समोर आहे की बाजूला. आपल्याला वाटतं त्यापेक्षा तो बराच पुढे असतो.

२. सामानाची जुळवाजुळव

आठ चॅनल पुरतात: बासचा माइक, बासचं पिकअप, गिटारच्या अॅम्पचा माइक, गिटारच्या तारांचा माइक, पियानोचे दोन, हॉलचे दोन. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका चॅनलला तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते, म्हणजे आठ चॅनलना सव्वाचार जीबीच्या आत-बाहेर. ९६ किलोहर्ट्झ घेतलं तर दुप्पट. साउंडचेक धरून चार तासांची जागा मोकळी ठेवा.

इशारा: FAT३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपलीकडे जात नाही. काही रेकॉर्डर आपोआप पुढची फाइल सुरू करतात, काही थांबतात. आपला काय करतो ते घरी, पूर्ण लांबीचं रेकॉर्डिंग लावून तपासा.

बासच्या पिझो पिकअपसाठी (कंपनांच्या दाबावर चालणाऱ्या) उच्च रोधाचा डीआय बॉक्स, म्हणजे पिकअपचा सिग्नल मिक्सरजोगा करून देणारी डबी, लागतो. किमान १ मेगाओम, १० मेगाओम मिळाला तर उत्तम. साध्या लाइन इनपुटला पिझो थेट जोडला की खर्ज गळून जातो आणि उरतो तो टणटणाट. मग लोक इक्वलायझरने खर्ज वाढवत बसतात आणि घुमारा वाढतो.

शिवाय: जाड सतरंजी, रंगीत चिकटपट्टी, माइकचे फोमचे टोप, जड बुडाचे स्टँड, आणि वेगळा, बॅटरीवर चालणारा एक स्टिरिओ रेकॉर्डर. दमट हवेत कंडेन्सर माइक (वीज लागणारे संवेदनशील माइक) मध्येच कडकड आवाज करू लागतात, म्हणून त्यांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि माइक हॉलमध्ये गेल्या गेल्या उघडू नका. हवेशी जुळायला त्यांना अर्धा तास द्या.

३. दुपारी दोन: आधी हॉल शांत करा

एकही माइक लावण्याआधी हॉलमध्ये गप्प बसून पाच मिनिटं ऐका. एसीची घरघर, ट्यूबलाइटचा गुंजारव, शेजारच्या पॅसेजमधला फ्रिज. पंखे बंदच हवेत. त्यांचा आवाज तर येतोच, शिवाय वारा माइकवर आदळून खालच्या पट्टीत गडगडाट होतो, आणि ती पट्टी बासची आहे. एसी मैफलीआधी दोन तास जोरात चालवून हॉल गार करा आणि वाजवायला सुरुवात झाली की कमीत कमी ठेवा.

मंचावरचे दिवे डिमरवर असतील तर ते अर्धे ठेवून गिटारचा अॅम्प चालू करा. गुंजन आलं तर दिवे एक तर पूर्ण, नाही तर बंद, असं प्रकाशयोजना करणाऱ्याशी ठरवून टाका. अॅम्प आणि रेकॉर्डिंगचं सामान एकाच सॉकेटच्या ओळीवर घ्या. लॅपटॉप भरलेल्या बॅटरीवर चालला तर बरं. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर जायची वेळ आली तर आवाज कसा बदलतो, हेही दुपारीच बघून ठेवा.

इशारा: गुंजन घालवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. गिटारवादकाचे हात धातूच्या तारांवर असतात. जीवावर बेतू शकतं.

आता बासवादकाला पुन्हा सूर चढत वाजवायला सांगा आणि या वेळी खडखड शोधा: सैल झालेली खिडकी, दिव्याची जाळी, कोपऱ्यात ठेवलेला स्नेअर ड्रम. ड्रम तर मंचावरून हलवाच. बासच्या प्रत्येक सुराला त्याची जाळी थरथरते. पूर्वार्धात पियानोचं झाकण पूर्ण बंद हवं. त्याच्या वरच्या सुमारे दीड सप्तकातल्या तारांना डॅम्पर (तार थांबवणाऱ्या गाद्या) नसतात, त्या बास-गिटारसोबत आपसूक वाजत राहतात.

४. बासची जागा: इथे घाई नको

संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. चांगल्या जागी उभा असलेला बास साध्या माइकमध्येही नीट येतो. वाईट जागी उभ्या बासला महागडा माइक लावला तर त्याचं घुमणंच अधिक स्पष्ट रेकॉर्ड होतं.

बास कोपऱ्यात नको आणि हॉलच्या बरोबर मध्यरेषेवरही नको. मागच्या भिंतीपासून दीड मीटरने सुरुवात करा. बासवादकाला लिहून ठेवलेले फुगणारे सूर वाजवायला सांगा, मग अर्धा मीटर पुढे, मग अर्धा मीटर डावीकडे. दर वेळी तेच सूर, त्याच जोराने. पाच-सहा जागांत एक अशी सापडते जिथे खालचे सगळे सूर साधारण एका उंचीचे होतात. तिथे चिकटपट्टीने खूण करा.

मंच पोकळ लाकडी असेल तर बासची खालची दांडी अख्ख्या मंचाला वाजवते. दांडीखाली जाड सतरंजी आणि तिच्यावर जड लाकडी फळीचा तुकडा ठेवला की फरक लगेच कळतो. फळीला छोटा खळगा करून घ्या म्हणजे दांडी घसरणार नाही, आणि वादक रचनेगणिक माइकपासून दूरही सरकणार नाही.

तपासा: वादकाला स्वतःला ही जागा आवडते का, ते विचारा. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर तो जोर लावेल, आणि जोर लावलेल्या बासचा सूर आखूड होतो. दुसरी चांगली जागा शोधा.

५. बासचा माइक आणि पिकअप

माइक घोडीच्या उंचीवर, २० ते ३० सेंटीमीटर समोर. त्याचं तोंड घोडीच्या किंचित वर, जी तारेच्या बाजूला. एफ आकाराच्या छिद्राकडे माइक वळवणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे. हेडफोनमध्ये क्षणभर खूप खर्ज मिळाल्यासारखं वाटतं, पण तो एका-दोन सुरांचाच असतो. बोटांचा स्पर्श, तारेचा पोत हवा असेल तर माइक थोडा वर, फिंगरबोर्डच्या टोकाकडे सरकवा. मोबाइलच्या स्पीकरवर ४१ हर्ट्झ ऐकूच येत नाही. तिथे बास ओळखता येतो तो याच स्पर्शामुळे आणि वरच्या स्वरांशांमुळे.

माइक कोणता, यापेक्षा त्याची बहिरी बाजू कुठे आहे हे महत्त्वाचं. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं, म्हणून त्याची पाठ जोडीदाराकडे हवी. फिगर-ऑफ-एट (समोर आणि मागे ऐकणाऱ्या) रिबन माइकला, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असलेल्या माइकला, दोन्ही कुशींचं ऐकू येत नाही. त्याची एक कूस गिटारच्या किंवा पियानोच्या दिशेने केली तर लीकेज (दुसऱ्या वाद्याचा या माइकमध्ये शिरणारा आवाज) सर्वांत कमी. पण त्याला मागचंही समोरच्याइतकंच ऐकू येतं. मागे पहिल्या रांगेतले श्रोते असतील तर त्यांची प्रत्येक खोकल्याची उबळ बासच्या ट्रॅकवर येईल.

इशारा: जुन्या रिबन माइकच्या चॅनलवर ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधून माइकला दिली जाणारी वीज) बंद आहे ना, हे केबल जोडण्याआधी बघा. केबलमध्ये दोष असेल तर रिबन कायमची खराब होऊ शकते.

पिकअप वेगळ्या ट्रॅकवर घ्या, पण आधार म्हणूनच. दोन्ही ट्रॅक एकत्र मोनोमध्ये ऐका, पिकअपची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटून पुन्हा ऐका. ज्या स्थितीत खर्ज भरतो ती ठेवा. हे आत्ता केलं नाही तर मिक्सच्या वेळी बास का पोकळ वाटतोय याचा शोध घेत रात्र जाईल.

६. गिटार

नियम एकच: अॅम्पचा आवाज बासच्या नैसर्गिक आवाजाच्या वर जाता कामा नये. बासवादकाला मऊ वाजवायला सांगा आणि गिटारवादकाला अॅम्प शून्यावरून वाढवत न्यायला सांगा, दोघं एकमेकांना स्वच्छ ऐकू येईपर्यंत. तिथे थांबा. बहुतेक गिटारवादकांना ही पातळी फार कमी वाटते. त्यांना रेकॉर्ड केलेले दोन मिनिटं ऐकवा, बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.

अॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवा. त्याचं तोंड बासच्या माइकच्या पाठीकडे येईल अशी दिशा द्या. माइक स्पीकरच्या जाळीपासून १०-१५ सेंटीमीटर, मध्यापासून थोडा बाजूला. दुसरा छोटा कंडेन्सर गिटारच्या मानेच्या आणि पोटाच्या सांध्याकडे, २५ सेंटीमीटरवर. पोकळ पोटाच्या आर्चटॉप गिटारला हा माइक फार देतो: प्लेक्ट्रमचा स्पर्श, लाकडाचा आवाज. ठोकळा (भरीव पोटाची) गिटार असेल तर हा माइक सोडून द्या.

दोघांमधलं अंतर दीड ते दोन मीटर असू द्या. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे दोन मीटरवर सहा मिलिसेकंदांहून कमी उशीर होतो. लयीला धक्का लागत नाही. जोडीदाराचा माइक बासच्या माइकपासून किती दूर हवा? बास आणि त्याचा माइक यांत जेवढं अंतर, त्याच्या किमान तिप्पट. वादक मॉनिटर स्पीकर मागतील. देण्याआधी त्यांना अर्धा मीटर जवळ आणून बघा. बहुतेकदा मागणी तिथेच संपते.

७. पियानो

पियानो पूर्वार्धात वाजणार नसला तरी त्याचे माइक दुपारीच लावून, तपासून, स्टँडच्या पायांच्या खुणा करून ठेवा.

ट्यूनरचं काम दिवे आणि एसी संध्याकाळसारखे चालू ठेवून करून घ्या, आणि तेवढा वेळ हॉलमध्ये बाकी सगळं बंद.

बासवादकाला पियानोच्या कमानीत उभं करायची पद्धत दिसायला छान आहे, पण उघड्या झाकणातून सगळा पियानो थेट बासच्या माइकवर येतो. पियानोवादकाच्या डाव्या हाताच्या मागे, झाकणाच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहणारा बासवादक रेकॉर्डिंगसाठी कितीतरी सोयीचा. झाकणच मधली भिंत होतं आणि बासवादकाला पियानोचा डावा हात दिसतो, जो द्वयात त्याला बघावाच लागतो. चौथ्या टप्प्यात सापडलेली जागा याच्याशी जुळत नसेल तर बास हलवू नका, पियानो हलवा. चाकं त्यासाठीच असतात. चार माणसं आधी सांगून ठेवा. हे सगळं ट्यूनर येण्याआधी.

झाकण पूर्ण काठीवर. दोन माइक झाकणाच्या कडेबाहेर, तारांपासून अर्धा ते पाऊण मीटर, एकमेकांपासून १७ ते ३० सेंटीमीटर, तोंडं किंचित बाहेर. हातोड्यांच्या अगदी वर, आत माइक घालण्याची पद्धत जोरकस बँडसाठी ठीक आहे. इथे त्यातून पियानो हॉलइतका रुंद होतो आणि बासला उभं राहायला जागा उरत नाही.

तपासा: पियानोचे दोन माइक मोनो करून ऐका. मधले सूर पातळ झाले तर माइक एकमेकांच्या जवळ आणा.

डाव्या हाताबद्दल पियानोवादकाशी एकदा बोला. बास चालत असताना डाव्या हाताने त्याच पट्टीत मूळ स्वर धरले तर दोघंही गढूळ होतात, आणि ते नंतर कोणत्याही यंत्राने वेगळे करता येत नाहीत. सांगायची पद्धत सोपी: साउंडचेकचं रेकॉर्डिंग दोघांना एकत्र ऐकवा आणि काही न बोलता थांबा.

८. पातळी

सर्वांत जोरकस रचना वाजवायला सांगा, सर्वांत आवडती नव्हे. पीक (आवाजाची सर्वांत वरची पातळी) मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. श्रोते समोर आले की वादक साउंडचेकपेक्षा सहज ५-६ डेसिबल जोरात वाजवतात. २४ बिटमध्ये एवढी मोकळी जागा ठेवून काहीच बिघडत नाही. रेकॉर्ड करताना कॉम्प्रेसर (जोर-मंद यांतला फरक कमी करणारं यंत्र) नाही, इक्वलायझर नाही, बासवर लो-कट (खर्ज कापणारं फिल्टर) तर नाहीच. इंटरफेसवर लो-कटचं बटण आधीच्या कामानंतर तसंच दाबलेलं राहतं, ते एकदा बघा.

हॉलचे दोन माइक मंचापासून तीन-चार मीटरवर, डोक्यांच्या वर. निवेदनाचा माइक आणि त्याचे स्पीकर वाजवणं सुरू होताच बंद करायची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्या.

शेवटी श्रोते यायच्या आधी रिकाम्या हॉलची एक मिनिटाची शांतता रेकॉर्ड करा. संपादनात रचनांमधले सांधे जोडायला ती लागते.

९. मैफल चालू असताना

श्रोत्यांना आत सोडण्याआधीच रेकॉर्डिंग सुरू करा, मुख्य आणि बॅटरीवरच्या अशा दोन्ही यंत्रांवर. त्यानंतर गेनच्या (माइकची पातळी ठरवणाऱ्या) बटणाला हात लावायचा नाही. पीक लाल झालाच तर दोन रचनांच्या मध्ये, टाळ्या चालू असताना कमी करा आणि वेळ लिहून ठेवा. कागदावर प्रत्येक रचनेची सुरुवात आणि ऐकू आलेला प्रत्येक व्यत्यय टिपा: मोबाइल, खुर्ची, बाहेरचा हॉर्न.

१०. मध्यंतर

पंधरा मिनिटांत क्रम असा: गिटारचे दोन चॅनल बंद, अॅम्प बंद (चालू राहिला तर त्याचं गुंजन पियानोखाली पूर्ण उत्तरार्धभर राहतं), पियानोचं झाकण उघडणं, माइक खुणांवर, बासच्या माइकची पाठ किंवा कूस आता पियानोकडे. बासवादकाने पियानोच्या सुराशी पुन्हा जुळवून घ्यायला हवं. पूर्वार्धात तो गिटारशी जुळवून होता. झाकण उघडल्यावर ट्यूनरने दोन मिनिटं एकेक सप्तक तपासावं, म्हणून त्याला मैफलभर थांबवून ठेवलेलं असावं. हे करताना रेकॉर्डिंग थांबवू नका. थांबवलेलं पुन्हा सुरू करायला विसरल्यामुळे उत्तरार्ध गमावलेले लोक पुष्कळ आहेत.

११. घरी आल्यावर

झोपण्याआधी सगळ्या फाइल दुसऱ्या डिस्कवर. मिक्स दुसऱ्या दिवशी, ताज्या कानाने.

सुरुवात हॉलच्या माइकपासून किंवा गिटार-पियानोपासून करू नका. बासचा माइक एकटा उघडा. त्यात जोडीदार लांबून ऐकू येईल, येऊ द्या. तोच हॉल आहे. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र) लावून ते लीकेज कापलं की प्रत्येक सुरामागे खोली उघडझाप करते. मग पिकअप हळूहळू वर आणा, सूर नेमका कळेपर्यंतच. माइक २५ सेंटीमीटर लांब होता म्हणून त्याचा आवाज पिकअपच्या पाऊण मिलिसेकंद मागे असतो. ४८ किलोहर्ट्झवर पिकअपचा ट्रॅक सुमारे ३५ सॅम्पल (डिजिटल आवाजाचे सूक्ष्म तुकडे) मागे, म्हणजे उशिरा, सरकवा, डोळ्यांनी लाटा जुळवा आणि मोनोमध्ये कानाने खात्री करा.

आता जोडीदार. बास मध्याच्या थोडा एका बाजूला, गिटार तेवढीच दुसऱ्या बाजूला, मंचावर होते तसे. पूर्ण डावी-उजवी विभागणी हेडफोनवर असह्य होते. पियानोचे दोन ट्रॅकही पूर्ण रुंद करू नका. हॉलचे माइक वाजवताना अगदी कमी, टाळ्यांना वर. रिव्हर्ब लागलाच तर एकच, लहान, सगळ्यांना सारखा.

कापाकापी करायची तर सगळे ट्रॅक एकाच जागी एकत्र कापा. बासचा एक चुकलेला सूर फक्त बासच्या ट्रॅकवर दुरुस्त करता येत नाही, तो गिटारच्या आणि हॉलच्या माइकमध्येही आहे. ती रचना दुसऱ्यांदा वाजवली असेल तर तिथला तुकडा घ्या, नाही तर तो सूर तसाच राहू द्या.

शेवटी आवाज फुगवायला लिमिटर दाबू नका. स्पॉटिफायसारख्या सेवा उणे १४ लफ्सच्या (LUFS, आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास सगळं समान करतात. द्वयाची मैफल त्याहून हळू असली तरी बिघडत नाही. तयार फाइल आधी बासवादकाला पाठवा, आणि ती लॅपटॉपच्या स्पीकरवर न ऐकता चांगल्या हेडफोनवर ऐकायला सांगा. त्याचे आक्षेप लिहून घ्या, ते बदल करा, आणि मगच ती सुधारलेली फाइल गिटारवादक आणि पियानोवादकाकडे जाऊ द्या.